ओतशाळेतील विद्या



ज्युबिली हा शब्द आपण हल्ली वारंवार उच्चारीत आहोत. परंतु त्याचा उगम एका वाद्यात आहे, हे पुष्कळांच्या ध्यानी नसते. इब्री भाषेत ‘योबेल’ म्हणजे मेंढ्याचे शिंग. पन्नासावे वर्ष उगवले म्हणजे इस्राएल लोकांनी हे शिंग फुंकावे, दासांस मुक्त करावे आणि गहाण पडलेली जमीन मूळ धन्यास परत द्यावी, अशी आज्ञा लेवीय ग्रंथात दिलेली आहे. पुढे ख्रिस्तसभेत शिंगाची जागा घंटेने घेतली. पहाटे, मध्यान्ही व सायंकाळी आंजेलसची घंटा वाजावी, तिचा नाद खाडीवरच्या वाऱ्याबरोबर मिठागरांपर्यंत जावा आणि हातातले काम क्षणभर थांबवून माणसाने कपाळी क्रूस करावा, ही रीत आपल्या ह्या किनाऱ्यावरच्या गावांत पिढ्यानपिढ्या चालत आलेली आहे.

ह्या वर्षी धर्मशिक्षणाच्या वर्गातील एका मुलाने मला प्रश्न केला, “फादर, घंटा कोण करतो?” मी “कारखान्यात होते, बाळ,” असे सांगून वेळ मारून नेली. मुलगा गप्प बसला. पण माझे मन गप्प बसेना. ज्या घंटेच्या नादावर मी तीस वर्षे मिस्सा अर्पण करीत आलो, ती कशी जन्मास येते हे मला सांगता येऊ नये, ह्याची मला लाज वाटली. तेव्हा त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर ह्या स्मरणपुस्तकात द्यावे असे मी योजिले. घंटा ज्या विद्येने घडते, त्याच विद्येने कास्याची मूर्तीही घडते. आणि ती विद्या आपल्या ह्या प्रांतात विद्यार्थ्यांनी कशी संपादन केली, हा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

प्रथम पवित्र शास्त्राकडे वळू. धातू ओतणाऱ्या कारागिराचा शास्त्रात जितका सन्मान आढळतो, तितका फार थोड्या धंद्यांचा आढळेल. निर्गमाच्या ग्रंथात परमेश्वर बसालेल नामक कारागिरास नाव घेऊन बोलावतो आणि सोने, रुपे व पितळ ह्यांचे काम करता यावे म्हणून त्यास आपल्या आत्म्याने भरतो. शलमोन राजाने मंदिर बांधिले तेव्हा सोर नगराचा हिराम नावाचा कारागीर बोलावला. हा हिराम एका विधवेचा मुलगा. त्याने मंदिरापुढील याखीन व बवाज हे दोन प्रचंड स्तंभ ओतिले. मंदिराची पितळी पात्रे यार्देन नदीच्या खोऱ्यात, चिकणमातीच्या जमिनीत ओतली गेली, असे राजांच्या ग्रंथात स्पष्ट म्हटले आहे. हे वाचून मी पूर्वी सहज पुढे जात असे. चिकणमातीचा उल्लेख शास्त्रकर्त्याने का करावा, हे आता मला समजते. चांगली माती जेथे, ओतशाळा तेथे. कारण धातूचा आकार आधी मातीत उतरावा लागतो.

अर्थात् शास्त्रात ओतीव वासराचीही कथा आहे. अहरोनाने लोकांचे दागिने वितळवून वासरू केले आणि लोक त्यापुढे नाचले. मोशेने रानात उभारलेला पितळेचा सर्पही त्याच धातुविद्येचे फळ. परंतु त्याकडे पाहून माणसे जगली, आणि प्रभू येशूने स्वतःच्या क्रूसाची खूण म्हणून त्याच सर्पाचा दाखला दिला. भट्टी तीच, मूस तीच. हेतू मात्र भिन्न. कारागिराच्या हाताला धर्म लागतो तो ह्याच ठिकाणी.

आता आपल्या भूमीकडे पाहू. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतले व साष्टी बेट पोर्तुगीजांच्या हातून गेले. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला सर केला. त्या युद्धाची झळ आपल्या खाडीच्या दोन्ही तीरांस लागली. विजयी सैन्याने ख्रिस्तमंदिरांतील अनेक घंटा देशावर नेल्या. त्यांतील काही आजही महाराष्ट्रातील देवळांत लटकत आहेत. वाईजवळ मेणवली येथे, कृष्णाकाठी, नाना फडणीसांच्या वाड्यालगतच्या घाटावर अशी एक घंटा आहे. तिच्यावर १७०७ हे वर्ष असून पवित्र मरिया व बालयेशू ह्यांची आकृती कोरलेली दिसते. नाशिकला गोदावरीच्या तीरावरील नारोशंकराच्या देवळातील घंटा १७२१ सालची आहे.

तरुणपणी ही हकीकत प्रथम कळली तेव्हा माझ्या मनात रोष उत्पन्न झाला होता, हे मी कबूल करतो. पुढे एकदा मेणवलीस जाण्याचा योग आला. त्या घंटेखाली उभा राहिलो आणि रोष विरघळला. तीनशे वर्षे ऊन, पाऊस व पूर सोसून ते कासे अभंग राहिले आहे. नदीवर येणाऱ्या लोकांनी ती आकृती झिजवून टाकली नाही, फोडली नाही. ज्या अज्ञात कारागिराने ती ओतली त्याने आपले काम इतके इमानाने केले की, धनी बदलले, देऊळ बदलले, उपासना बदलली, तरी घंटेचा आवाज बदलला नाही. आपल्या पूर्वजांचे धन दुसऱ्याच्या अंगणात आहे, एवढाच त्यातून बोध घ्यावयाचा नाही. हे धन पुन्हा निर्माण करण्याची विद्या आपल्यापाशी आहे काय, हा प्रश्न मला त्याहून महत्त्वाचा वाटला.

ही विद्या पोर्तुगीजांबरोबर प्रथम आली, असे मात्र कोणी समजू नये. अहमदनगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) प्रवरेच्या काठी दायमाबाद नावाचे एक ओसाड पांढरीचे ठिकाण आहे. तेथे १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्यास जमिनीत चार भरीव धातूच्या वस्तू सापडल्या: बैलांचा रथ व त्यात उभा असलेला माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. त्यांचे एकूण वजन साठ किलोहून अधिक भरले. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचे हे काम आहे, असे पुष्कळ विद्वानांचे मत आहे. तेव्हा महाराष्ट्राच्या मातीस ओतकामाची ओळख ख्रिस्तजन्माच्याही पूर्वीपासून आहे.

पुढे बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर तिसरा ह्याने ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचिला. त्यात मेणाची प्रतिमा करून तिच्यावर मातीचे लेप द्यावेत, मेण तापवून काढून टाकावे आणि रिकाम्या पोकळीत धातू ओतावा, ही रीत दिली आहे. संस्कृतात हिला मधूच्छिष्टविधान म्हणतात. मधूच्छिष्ट म्हणजे मेण. मेण आधी तोलावे आणि त्याच्या किती पट धातू घ्यावा, ह्याचा हिशेबही राजाने लिहून ठेवला आहे. आणि मौज अशी की, जवळजवळ त्याच काळात युरोपात थिओफिलस नावाच्या एका संन्यस्त धर्मगुरूने लॅटिन भाषेत कलाकौशल्यावर ग्रंथ लिहून त्यात घंटा व धूपपात्रे ओतण्याची कृती सांगितली. एक राजा, दुसरा मठवासी. एकाने दुसऱ्याचे नावही ऐकलेले नसेल. तथापि दोघांनी आपली लेखणी भट्टीच्या धुरात नेऊन ठेविली. कारागिराचे ज्ञान लिहून ठेवण्याच्या योग्यतेचे आहे, असे दोघांसही वाटले.

आता ती कृती थोडक्यात सांगतो. कारण त्या मुलाचा प्रश्न ‘कोण करतो’ असा असला, तरी त्याच्या पोटात ‘कसे’ हे दडलेले होते.

कलाशाळेत ओतकाम शिकणारा विद्यार्थी आरंभी मातीत मूर्ती घडवितो. त्या मूर्तीवरून प्लास्टरचा साचा घेतो. साच्याच्या आतील अंगास वितळलेल्या मेणाचा थर देतो. हा थर साधारण पाव इंच जाड असला म्हणजे पुरे. आतली पोकळी प्लास्टर व विटांची सुरखी ह्यांच्या मिश्रणाने भरतात. तिला गाभा म्हणतात. मेण निघून गेल्यावर गाभा हलू नये म्हणून त्यात आरपार खिळे ठोकून ठेवितात. मग मेणाच्या मूर्तीस मेणाच्याच कांड्या जोडितात: काही धातू आत जाण्यासाठी, काही आतील हवा बाहेर पडण्यासाठी. ह्या सगळ्यावर पुन्हा सुरखी-प्लास्टरचे जाड कवच चढवून ते भट्टीत कित्येक तास, मोठे काम असल्यास कित्येक दिवस भाजितात. मेण जळून वाहून जाते आणि गाभा व कवच ह्यांच्यामध्ये मूर्तीच्या आकाराची अरुंद पोकळी उरते. हे कवच वाळूच्या खड्ड्यात पुरून वाळू भोवती ठोकून बसवितात.

इकडे मुशीत धातू वितळत असतो. तांबे १०८५ अंश उष्णतेवर वितळते, कथील केवळ २३२ अंशांवर; परंतु दोन्ही एकत्र आली म्हणजे त्यांचा मिलाफ तांब्याहून कमी उष्णतेवर पातळ होतो आणि तांब्याहून कठीण होऊन थिजतो. मूर्तीसाठी साधारणतः नव्वद भाग तांबे व दहा भाग कथील घेतात, कधी थोडे जस्तही घालतात. घंटेसाठी कथील दुप्पट लागते, शेकडा वीस ते बावीस. त्यामुळे घंटेचे कासे मूर्तीच्या कास्याहून ठिसूळ असते, पण नाद देते. ज्यास नाद हवा त्याने थोडी ठिसूळता सोसली पाहिजे, असा हा धातूचा न्याय आहे.

धातू तयार झाला म्हणजे वरची मळी काढून दोघे जण सांडशीने मूस उचलितात आणि एका धारेने, मध्ये न थांबता, साच्यात ओततात. धार तुटली तर सांधा राहतो. साच्यात ओलावा राहिला असेल तर पाण्याची एकाएकी वाफ होते आणि वितळलेला धातू उसळून बाहेर फेकला जातो. ह्यात माणसाचे डोळे जातात, प्राणही जातात. म्हणून भट्टीपाशी उतावळ्याला स्थान नाही. साचा पुरता भाजला की नाही, हे ज्याने पाहावयाचे त्याच्या शब्दावर इतर सर्वांचा जीव असतो. एकट्याने कास्य ओतता येत नाही. मूस धरण्यास दुसरा लागतोच. धातू थंड झाल्यावर कवच फोडावयाचे, कांड्या कापावयाच्या, खिळ्यांची छिद्रे बुजवावयाची आणि कानस व छिन्नी घेऊन आठवडेच्या आठवडे अंग घासावयाचे. सरतेशेवटी द्रावणे लावून व ऊब देऊन रंग आणावयाचा. मेणाची मूर्ती मात्र ह्यात नाहीशी झालेली असते. ओत बिघडला तर विद्यार्थ्यास पुन्हा मेणापासून आरंभ करावा लागतो.

ह्या विद्येचे शिक्षण आपल्या प्रांतात शाळेच्या छपराखाली कसे आले, ते आता पाहू.

१८५३ साली सर जमशेटजी जीजीभॉय ह्यांनी मुंबईत कलाशिक्षणासाठी एक लाख रुपये देऊ केले आणि १८५७ च्या मार्च महिन्यात एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये चित्रकलेच्या वर्गाने शाळेस आरंभ झाला. तीच आजची सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. १८६५–६६ च्या सुमारास तेथे तीन कार्यशाळा निघाल्या. जॉन ग्रिफिथ्स ह्यांच्याकडे सजावटीचे चित्रकाम, जॉन लॉकवुड किपलिंग ह्यांच्याकडे इमारतींवरील शिल्पकाम आणि हिगिन्स ह्यांच्याकडे लोखंडी धातुकाम सोपविण्यात आले. प्रख्यात लेखक रुडयार्ड किपलिंग हा ह्या लॉकवुडचाच पुत्र; त्याचा जन्म डिसेंबर १८६५ मध्ये मुंबईत झाला. क्रॉफर्ड मार्केटच्या प्रवेशद्वारांवरील उठावशिल्पे लॉकवुड किपलिंग ह्यांची आहेत. भाईंदरहून आपण चर्चगेटास उतरतो व आपापल्या कामावर जातो. ज्यास सवड असेल त्याने एकदा थोडे चालून बोरीबंदरच्या स्थानकात जावे. १८७८ ते १८८८ ह्या काळात उभारलेल्या त्या इमारतीतील कोरीव लाकूडकाम, तिकीटघरांच्या जाळ्या, भव्य जिन्याचे कठडे आणि इतर अलंकार हे जे. जे. शाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातचे काम आहे. तो कठडा एखाद्या पोराने परीक्षेच्या भीतीने का होईना, पण मन लावून घडविला होता.

१८९१ साली गव्हर्नर लॉर्ड रे ह्यांच्या नावाने शाळेच्या आवारात कलाकार्यशाळा निघाल्या आणि धातुकामादी हस्तव्यवसाय शिकविले जाऊ लागले. १८९६ साली त्याच शाळेचा विद्यार्थी गणपतराव काशिनाथ म्हात्रे ह्याने देवदर्शनास निघालेल्या एका मराठी स्त्रीची मूर्ती घडविली, तेव्हा तो विशीच्या आसपासचा होता. ‘मंदिरपथगामिनी’ म्हणून ती विख्यात झाली. ती प्लास्टरची आहे. आमच्या मुलांच्या हातांत कसब किती आहे, हे त्या मूर्तीने सिद्ध केले.

परंतु धातूतील भव्य पुतळे तेव्हा विलायतेहून येत. त्याचे ठळक उदाहरण काळा घोडा. प्रिन्स ऑफ वेल्सचा हा अश्वारूढ कास्यपुतळा सर जोसेफ एडगर बोहम ह्यांनी घडविला; सर अल्बर्ट ससून ह्यांनी तो शहरास अर्पण केला व १८७९ मध्ये तो मुंबईत उभा राहिला. पुतळा १९६५ साली तेथून हलविण्यात आला आणि आता तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. जागेचे नाव मात्र राहिले. तेव्हा कोणी म्हटले असते की, असा घोडा एके दिवशी मुंबईच्याच भट्टीत ओतला जाईल आणि त्यावर मराठ्यांचा राजा बसलेला असेल, तर लोक हसले असते.

तो दिवस पन्नास वर्षांच्या आत आला. अलिबागनजीक सासवणे नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. तेथे १८९१ साली विनायक पांडुरंग करमरकर ह्यांचा जन्म झाला. घरी गणपतीच्या मूर्ती करण्याची परंपरा होती, तेव्हा माती बोटांत मुरलेलीच होती. त्यांनी देवळाच्या भिंतीवर काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड ह्यांच्या दृष्टीस पडले. त्या गृहस्थांनी मुलाची पारख केली आणि त्यास जे. जे. शाळेत धाडण्याची व्यवस्था केली. पुढे करमरकरांनी लंडनच्या रॉयल अकादमीत अध्ययन केले. पुण्यातील श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा उभारण्याचे ठरले होते. त्याची कोनशिला १९२१ साली प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते बसली होती. हे काम करमरकरांकडे आले. सुमारे साडेतेरा फूट उंचीचा व सुमारे आठ टन वजनाचा हा पुतळा मुंबईस माझगाव गोदीत ओतला गेला आणि जून १९२८ मध्ये त्याचे अनावरण झाले. जेथे जहाजांचे काम चाले, त्या गोदीतील भट्टीवर एका गणपती करणाऱ्याच्या मुलाने हे साहस केले. मातीत घडविलेला महिन्यामहिन्यांचा श्रम काही क्षणांच्या ओतात सफल वा विफल व्हावयाचा होता. तो सफल झाला. १८७९ चा घोडा विलायतेहून आला आणि १९२८ चा घोडा मुंबईहून पुण्यास गेला. ह्या दोन सालांच्या मध्ये जी गोष्ट उभी आहे ती शाळा होय. सासवण्यास करमरकरांच्या राहत्या घरी त्यांच्या शिल्पांचे संग्रहालय आहे. आपल्या मुलांनी ते अवश्य पाहावे.

आणखी एक नाव आपल्या शेजारचे आहे. रघुनाथ कृष्ण फडके हे शिल्पकार १८८४ साली वसईस जन्मले. मुंबईच्या गिरगाव चौपाटीवरील लोकमान्य टिळकांचा पुतळा त्यांचा. पुढे ते मध्य भारतात धार येथे स्थायिक झाले, तेथे त्यांनी शिष्य तयार केले आणि १९६१ साली त्यांस पद्मश्री मिळाली. आपल्या खाडीच्या पलीकडच्या तीरावरून एक माणूस निघाला व दूरच्या संस्थानात विद्या पेरून आला, ही गोष्ट आपल्या शाळांतून सांगितली जावी असे मला वाटते.

आणि गोमंतकास विसरून कसे चालेल? पणजीस मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाशेजारी, एका धर्मगुरूचा कास्यपुतळा आहे. संमोहनविद्येचा अभ्यास शास्त्रीय पायावर नेणारे, १७५६ साली कांदोळी येथे जन्मून १८१९ साली पॅरिसमध्ये निवर्तलेले आबे फारिया ते हे. हात पुढे करून एका स्त्रीस निद्रावश करीत असल्याच्या आविर्भावात ते दाखविलेले आहेत. हा पुतळा १९४५ सालचा असून शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत हे होत. कॅथलिक पाद्रीचे रूप गोमंतकीय हिंदू कारागिराने घडविले. मेणवलीच्या घाटावर आमची घंटा हिंदू भाविकांनी सांभाळली, आणि पणजीच्या काठी आमच्या धर्मगुरूस हिंदू हातांनी अमरत्व दिले. धातूच्या इतिहासात जे वैर १७३९ साली दिसते, त्याचे परिमार्जनही धातूनेच केले, असे म्हणावयास काय हरकत आहे?

असो. इतिहास येथेच संपत नाही. धुळे जिल्ह्यातील गोंदूर गावी १९२५ साली जन्मलेले राम सुतार हेही जे. जे. शाळेचेच विद्यार्थी. नर्मदेकाठी केवडिया येथील सरदार पटेलांच्या १८२ मीटर उंच पुतळ्याचे शिल्प त्यांचे; त्याचे अनावरण ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी झाले. परंतु त्या पुतळ्यावरील कास्याचे बाह्य पत्रे चीन देशातील ओतशाळेत ओतावे लागले. शिल्पकार आमचा, धातूचा ओत परक्याचा! आणि मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी, म्हणजे नऊ महिन्यांच्या आत, कोसळला, हे दुःख तर ताजे आहे. त्याच जागी २०२५ साली नवा कास्यपुतळा उभा राहिला, तो राम सुतारांच्या कार्यशाळेचा. पुण्याचा पुतळा मात्र १९२८ पासून जागचा हललेला नाही. कोणास दोष देण्याचे हे स्थान नव्हे. परंतु जे काम शिकण्यास वर्षे लागतात ते महिन्यांत उरकावे, अशी ज्या समाजाची वृत्ती होते, त्याच्या मूर्ती टिकत नाहीत. आणि मूर्तीच काय, संसार, संस्था व व्रतेही टिकत नाहीत.

आता मला एक गोष्ट सांगावयाची आहे. ती सांगण्यासाठीच, खरे पाहता, मी हा लेख हाती घेतला.

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका धर्मग्रामात सेवेस असता तेथील एक मुलगा दरवर्षी नाताळचा गोठा मांडीत असे. मेंढपाळ, उंट, तीन राजे, सर्व काही तो चिखलाचे करी, आणि त्याचा मेंढपाळ पाहून म्हाताऱ्यांस आपला शेजारी आठवे. दहावी-बारावी झाल्यावर आईबाप त्यास घेऊन माझ्याकडे आले. मुलास कलाशाळेत जाऊन मूर्तिकाम शिकावयाचे होते. आईबापांस चिंता होती की, ह्यात पोट भरेल काय? त्यांनी निर्णय माझ्यावर सोपविला. मी त्यास वाणिज्य शाखेत जाण्याचा सल्ला दिला. सल्ला शहाणपणाचा होता, असे मला तेव्हा वाटले. मुलाने तो मानला. आज तो एका कचेरीत हिशेब लिहितो; त्याच्या घरी काही उणे नाही.

गेल्या नाताळात तो मला भेटावयास येथे आला होता. आपल्या गोठ्यातील एका मेंढपाळाचा हात मोडला होता. त्याने न सांगता खिशातून चाकू काढिला, थोडे प्लास्टर मागून घेतले आणि अर्ध्या तासात हात बसविला. इतका बेमालूम की सांधा दिसेना. मी त्याची प्रशंसा केली. तो म्हणाला, “फादर, हे प्लास्टर आहे. पुन्हा मोडेल.” एवढेच बोलून तो हात धुण्यास गेला. त्याने मला दोष दिला नाही. परंतु रॉथफील्ड नावाच्या एका परधर्मी, परदेशी अधिकाऱ्यास भिंतीवरील चित्रात जे दिसले, ते मला, त्या मुलाच्या धर्मगुरूस, दहा नाताळांच्या गोठ्यांत दिसले नाही, हे मला त्या क्षणी उमगले. सेमिनारीत मी लॅटिन शिकलो, तत्त्वज्ञान शिकलो, देवज्ञान शिकलो. मात्र बसालेलास परमेश्वराने नावाने हाक मारिली होती, हे योग्य वेळी मला आठवले नाही.

म्हणून, प्रिय आईबापांनो, ह्या ज्युबिलीच्या निमित्ताने माझी तुम्हांस एक विनंती आहे. आपली मिठागरे आटत चालली, शेती गेली, गावाभोवती इमारती उठल्या. मुलांनी शिकून नोकऱ्या धरल्या, हे योग्यच झाले. परंतु ज्या मुलाच्या वा मुलीच्या बोटांत परमेश्वराने कसब ठेविले आहे, त्यास केवळ भीतीपोटी खुर्चीवर बसवू नका. कलाशाळांतून शिल्पशिक्षणात मातीपासून धातूपर्यंतचे धडे असतात. सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून ओतकामाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. कोल्हापुराकडे तर ओतशाळांची मोठी वसाहतच आहे. पोट भरेल काय, हा प्रश्न अवश्य विचारा. मात्र त्याचे उत्तर देण्यापूर्वी जाणत्याकडे चौकशी करा. मी चौकशी न करता उत्तर दिले होते.

धर्मग्रामाच्या वतीनेही काही करता येईल. पुढच्या वर्षीपासून धर्मशिक्षणाच्या मोठ्या मुलांस एकदा जे. जे. शाळा, बोरीबंदरचे कठडे व सासवण्याचे संग्रहालय दाखविण्यास न्यावे, असा माझा मानस आहे. नाताळच्या गोठ्यातील मूर्ती बाजारातून न आणता गावच्या मुलांनी घडवाव्यात. आणि त्यांतील एखादी तरी, लहानशी का होईना, कास्यात ओतविण्यास लागणारा खर्च आपण सर्वांनी मिळून उचलावा. त्या मोडक्या हाताच्या मेंढपाळापासून आरंभ करावा असे मला वाटते. ज्याने तो हात बसविला त्यास मी विचारले आहे. रविवारी रविवारी येऊन मुलांस मातीकाम शिकविण्याचे त्याने कबूल केले आहे.

आणि ज्या मुलाने मला प्रश्न केला होता, त्यास माझे उत्तर असे: बाळ, घंटा माणसे करतात. एक माती कालवितो, एक मेण लावितो, एक भट्टी राखितो, दोघे मूस उचलितात. साचा कोरडा आहे ना, हे एक जण पुन्हा पुन्हा पाहतो. त्यांची नावे घंटेवर नसतात. ती वाजली की आपण आंजेलसची प्रार्थना म्हणतो. त्या प्रार्थनेत आजपासून आपण त्यांचीही आठवण करू.

परमेश्वर आपल्या मुलाबाळांच्या हातांस यश देवो, आणि पवित्र मरिया माता ह्या गावास आपल्या पदराखाली ठेवो. आमेन.